सायकल चालवताना आखूड पायासाठी काय: क्लीटखाली शिम की बुटात जाड इनसोल?

दोन पायांच्या लांबीतला फरक २-३ मिमीचाच असेल तर जाड इनसोल पुरतो. क्लीटच्या (बुटाच्या तळाला बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) बोल्टला हातही लावावा लागत नाही. त्यापुढे मात्र बूट आवळतो, बोटं बधिर होतात, टाच निसटते. नुसती टाच उचलणारी पट्टी तर वायाच, कारण पेडलवर जोर चवड्यातून जातो.

शिम म्हणजे पातळ पट्टी; ती क्लीट आणि बुटाच्या तळामध्ये बसते, आतली जागा तशीच राहते. नडगी आखूड असेल तर शिमच घ्या. सुरुवात निम्म्याने: ६ मिमी फरकाला ३ मिमी. बोल्टही तेवढ्याच मिमीने लांब हवा. जुना बोल्ट जेमतेम दोन आट्यांवर धरतो आणि उभं राहून जोर मारताना आटे सोलून निघतात. उघडण्याआधी क्लीटची कड पेनाने आखून ठेवा. मांडी आखूड असेल, तर एकट्या शिमने गुडघ्याचा हिशेब जुळत नाही.