मेकॉले-टू : मॉड्यूल कळायला हवेत तर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, नखरे सहन करायची तयारी ठेवा

आधी नावाचा घोळ मिटवते. मेकॉले म्हटलं की आपल्याकडे लगेच १८३५ वाला, इंग्रजी शिक्षणवाला मेकॉले आठवतो आणि लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा तो नव्हे हो. हा फ्रान्सिस सॉवर्बी मेकॉले, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत गणिताचा मास्तर, पुढे नावारूपाला आलेला गणितज्ञ लिटलवुड त्याच्याच वर्गातला. शाळेत शिकवता शिकवता या माणसाने पॉलिनोमियलच्या आयडियलवर (आयडियल म्हणजे रिंगमधला असा गट, ज्यातल्या कशालाही रिंगमधल्या कशानेही गुणलं तरी उत्तर गटातच राहतं) इतकं खोल काम केलं की कोहेन-मेकॉले रिंगमधला मेकॉले म्हणजे हाच. आणि मेकॉले-टू या बीजगणिताची कॅल्क्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरला नाव दिलंय तेही याचंच. डॅनियल ग्रेसन आणि मायकेल स्टिलमन या दोघांनी नव्वदच्या दशकात उभं केलं, त्याआधी बायर आणि स्टिलमनचं जुनं मेकॉले होतं म्हणून हे टू. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, लायसन्स-बियसन्सची भानगड नाही.

आता हे कशासाठी वापरायचं? एमएस्सीला कम्युटेटिव्ह अल्जिब्रा घेतलेल्या बहुतेकांची गोष्ट सारखीच असते, व्हेक्टर स्पेस डोक्यात इतकी मुरलेली असते की मॉड्यूलची व्याख्या बघून वाटतं हात्तिच्या, फील्डच्या जागी रिंग (म्हणजे जिथे भागाकार जमेलच असं नाही) टाकली, झालं. आणि मग एकेक सवय अंगाशी येते. बेसिस असेलच असं नाही. इंडिपेंडंट सेट वाढवत नेला की शेवटी बेसिस मिळते, हेही गेलं : पूर्णांकांच्या रिंगवर नुसता २ घ्या, इंडिपेंडंट आहे, त्यात आणखी काही घातलं की इंडिपेंडन्स जातो आणि तरी तो एकटा सगळे पूर्णांक काही जनरेट करत नाही. हे पुस्तकात वाचून मान डोलावणं वेगळं आणि हाताने करून बघणं वेगळं, आणि हाताने करायची सोय म्हणून मला हे सॉफ्टवेअर आवडतं.

याची खरी गंमत अशी की त्याला 'एक मॉड्यूल घ्या' म्हटलेलं कळतच नाही. तुम्ही मॅट्रिक्स द्यायची. जनरेटर किती, त्यांच्यातले रिलेशन कुठले, रिलेशन म्हणजे मॅट्रिक्सचे कॉलम, आणि मॉड्यूल म्हणजे त्या मॅट्रिक्सचा कोकर्नल, म्हणजे ते रिलेशन शून्य धरल्यावर जे उरतं ते. नाहीतर फ्री मॉड्यूलच्या (ज्याला बेसिस असते त्या) आत बसलेली इमेज द्या. नाहीतर दोन्ही एकत्र, त्याला ते सबक्वोशंट म्हणतात. नोइथेरियन रिंगवरचं (जिथे प्रत्येक आयडियलला मोजकेच जनरेटर पुरतात) कुठलंही फायनाइटली जनरेटेड मॉड्यूल असं मॅट्रिक्समध्ये बसतं हे थिअरम म्हणून सगळ्यांना पाठ असतं, पण इथे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी तुम्हाला 'जनरेटर कुठले घेतले' हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

सगळ्यात साधं उदाहरण करून बघा. क्यूक्यू म्हणजे परिमेय संख्या, त्यावर एक्स आणि वाय या दोन व्हेरिएबलची पॉलिनोमियल रिंग, नाव आर. आयडियल घ्या एक्स आणि वायने जनरेट झालेलं. 'मॉड्यूल आय' टाईप केलं की उत्तर येतं इमेज, आणि एका ओळीची मॅट्रिक्स, एक्स वाय. आता त्यालाच 'प्रून' करा, म्हणजे कमीत कमी जनरेटरच्या रूपात आणा. तेच मॉड्यूल, पण आता कोकर्नलच्या रूपात : दोन जनरेटर आणि एक रिलेशन, कॉलममध्ये वाय आणि एक्स, त्यातल्या एकाला वजा. म्हणजे वाय गुणिले पहिला जनरेटर आणि एक्स गुणिले दुसरा जनरेटर सारखेच, झाली की सिझिजी, म्हणजे जनरेटरमधलं रिलेशन. रँक एक, जनरेटर दोन, एकावर भागवता येत नाही, म्हणून फ्री नाही. शेजारी महिरपी कंसात एक-एक आकडे दिसतील ते डिग्रीचे, सुरुवातीला त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं (पुढे नाही चालत).

आता याच आयपासून आरमध्ये जाणारे सगळे होमोमॉर्फिझम मागा, 'हॉम'. उत्तर येतं परत एक इमेज, दोन ओळी एक कॉलम, त्यात एक्स आणि वाय. बघून काही बोध होत नाही. विचारा 'हे फ्री आहे का', म्हणतो फॉल्स. प्रून करून विचारा, म्हणतो ट्रू!! इथे पोरं हमखास गडबडतात आणि सॉफ्टवेअरला शिव्या घालतात पण त्याच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलंय की ही कमांड काहीच कॅल्क्युलेट करत नाही, समोर ठेवलेल्या रूपात फ्री दिसतंय का एवढंच बघते. खरं शोधायचं तर आधी प्रून करा. माझ्या मते कमांडचं नाव चुकलंय, पण धडा एकदम पक्का बसतो : मॉड्यूल वेगळं आणि त्याचं प्रेझेंटेशन वेगळं. शिवाय त्या हॉमचा जो एकमेव जनरेटर आहे तो नक्की कुठला मॅप ते बघायला 'होमोमॉर्फिझम' नावाची कमांड आहे, ती प्रून करायच्या आधी चालवा, दिसेल की तो तर साधा समावेश, आय जसाच्या तसा आरमध्ये. म्हणजे आय फ्री नाही, त्याचा ड्युअल (हाच आरमध्ये जाणारा हॉम) मात्र फ्री, आणि दोनदा ड्युअल घेतला की आय परत मिळत नाही, आर मिळतो. रिफ्लेक्झिव्ह नसलेलं मॉड्यूल पाच मिनिटांत डोळ्यासमोर, ते पण सगळं स्वतः टाईप करून.

नखरे सांगते आता. सर्वात मोठा सापळा म्हणजे भागाकाराची खूण. आर भागिले आय लिहिलं की तो क्वोशंट रिंग बनवतो, मॉड्यूल नाही. मॉड्यूल हवं तर आरचा पहिला घात भागिले आय असं लिहायचं. वहीत आपण दोन्ही एकाच खुणेने लिहितो आणि मनात समजून घेतो, याला मनातलं कळत नाही. आणि क्वोशंट रिंगला नाव दिलंत की एक्स वाय लगेच त्या नव्या रिंगचे होऊन बसतात, मग जुन्या रिंगमधल्या कशात ते मिसळायला गेलात की एरर, परत 'यूज आर' करा. दुसरं, परिमेय संख्यांवर मोठं कॅल्क्युलेशन लावू नका, कोइफिशंट फुगत जातात नुसते, म्हणून मदतपानांवरची उदाहरणं बघाल तर १०१ किंवा ३२००३ मॉड्युलो असलेल्या फील्डवर केलेली दिसतील, तसंच करा. तिसरं, आत सगळा डोलारा ग्रोबनर बेसिसवर, म्हणजे आयडियलच्या हिशोबाला सोयीच्या खास जनरेटरवर, उभा आहे (बुखबर्गरचा १९६५ चा प्रबंध) आणि तिचं गणित वाईटात वाईट केसमध्ये भयंकर वाढतं, त्यामुळे कधीकधी निरुपद्रवी दिसणारं आयडियल दिलं की स्क्रीन गप्प बसते. पाचेक मिनिटं वाट बघा आणि कंट्रोल-सी. यात सॉफ्टवेअरचा दोष कमी, विषयच तसा आहे.

पण रिझोल्यूशन, म्हणजे रिलेशनांची साखळी!! इथे पैसे वसूल, म्हणजे फुकट आहे तरी. हिल्बर्टने १८९० मध्ये दाखवलं की पॉलिनोमियल रिंगवर रिलेशन, मग रिलेशनांमधले रिलेशन, असं करत गेलात तर जितके व्हेरिएबल तितक्या पायऱ्यांच्या आत साखळी संपते. हे हाताने करायचं म्हणजे डोक्याला शॉट. इथे एक ओळ. चार व्हेरिएबल घ्या, ट्विस्टेड क्युबिकचं आयडियल द्या (दोन ओळी तीन कॉलमच्या मॅट्रिक्सचे दोन बाय दोन मायनर), 'बेटी' टेबल (प्रत्येक पायरीवर किती जनरेटर ते) मागा, येतं १, ३, २. पायऱ्या दोन, म्हणून प्रोजेक्टिव्ह डायमेन्शन दोन, ऑसलँडर-बुक्सबॉमचं सूत्र लावा (डेप्थ म्हणजे व्हेरिएबल वजा पायऱ्या), चार वजा दोन, डेप्थ दोन, डायमेन्शनही दोन, दोन्ही सारखे म्हणून झालं कोहेन-मेकॉले. आता शेजारी चौथ्या डिग्रीचा तो प्रसिद्ध कर्व्ह ठेवा, एसचा चौथा घात, एस क्यूब टी, एस टी क्यूब, टीचा चौथा घात, मधला एस स्क्वेअर टी स्क्वेअर मुद्दाम गाळलेला. टेबल येतं १, ४, ४, १. एक क्वाड्रिक, तीन क्युबिक, त्यांच्यावर चार सिझिजी, आणि टोकाला तो एक जास्तीचा. त्या एकामुळे डेप्थ एकवर येते, डायमेन्शन दोनच राहतं, आणि कोहेन-मेकॉले हातातून जातं. वर्गात हे सांगायला फळा भरतो आणि तरी मागच्या बाकावर कुणाला पटत नाही, इथे दोन टेबलं एकाखाली एक ठेवली की टोकाचा तो एक सगळ्यांना दिसतो. सेंट पॉल्सच्या मास्तरच्या नावाच्या सॉफ्टवेअरवर कोहेन-मेकॉले नसलेलं उदाहरण बघायला जरा जास्तच मजा येते हेही खरं.

पॅकेज ढीगभर आहेत, सगळी सारख्या दर्जाची नाहीत. क्विलन-सुस्लिनचं पॅकेज मात्र जरूर उघडा. सेरने १९५५ मध्ये विचारलेलं की फील्डवरच्या पॉलिनोमियल रिंगवर फायनाइटली जनरेटेड प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल (फ्री मॉड्यूलचे डायरेक्ट सममधले तुकडे) फ्री असतात का, १९७६ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे हो म्हणून सिद्ध केलं, आणि हे पॅकेज नुसतं हो म्हणत नाही, बेसिस काढून हातात देतं. थिअरममधलं 'अस्तित्वात आहे' प्रत्यक्षात किती अक्राळविक्राळ असतं ते तेव्हा कळतं. आपले गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर आयुष्यभर हेच तर सांगत होते की शाळकरी बीजगणिताला कमी लेखू नका, समीकरणं मांडा आणि हाताने सोडवा. पुण्यात त्यांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, त्याच वर्षी हा क्विलन-सुस्लिनचा निकाल, योगायोगच.

कुणी घेऊ नये? ज्यांचं काम फक्त पूर्णांकांवर आहे, अॅबेलियन ग्रुप, स्मिथ नॉर्मल फॉर्म वगैरे, त्यांना सेज हे दुसरं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं पडेल, पायथनसारखंच आहे. नोइथेरियन नसलेल्या रिंगवाल्यांनी तर इकडे फिरकूच नये. लोकल रिंगवर (जिथे एकच मॅक्सिमल आयडियल असतं) काम करणाऱ्यांनी सिंग्युलर नावाचं सॉफ्टवेअर बघावं, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नचं, तेही फुकट, त्या बाबतीत ते उजवं आहे असं माझं मत. आणि थिअरी न वाचता हे उघडलंत तर काहीही कळणार नाही, टॉर म्हणजे काय माहीत नसेल तर टॉरची मॅट्रिक्स बघून काय करणार.

इन्स्टॉलेशनचं सांगायचं तर उबंटूवर एका कमांडचं काम, मॅकवर होमब्रू, विंडोजवाल्यांना आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकावं लागतं आणि तिथेच निम्मे लोक गळतात. ते नसतील करायचे उद्योग तर ब्राउझरमध्ये चालणारं रूप आहे, काही टाकावं लागत नाही, बाजूला ट्युटोरियल पण आहेत, होमवर्कच्या साइजची कॅल्क्युलेशन आरामात होतात. ईमॅक्स वापरा असं जुने लोक सांगतील, व्हीएस कोडचं एक्स्टेंशन आहे, ते घ्या. पाचपैकी चार स्टार, एक त्या भागाकाराच्या खुणेचा कापला.