भाजी सुकवायचं मशीन आणि घरचा कच्चा खाऊ: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग कारणं. भाजी सुकवायचं मशीन, म्हणजे डिहायड्रेटर, मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं आणि तेव्हापासून ते आमच्या नाशिकच्या घरात नियमित चालू आहे. मशीन उपयोगी आहे, मोडलं तर पुन्हा घेईन. पण कच्चा खाऊ चांगला होतो तो आधी भाजीच्या जोरावर. ज्याला सकाळी तोडलेली भाजी दुपारच्या आत मिळते, त्यानं कच्च्या खाऊसाठी फ्रोजन भाजीच्या पाकिटाला हात लावू नये. या शेवटच्या वाक्यावर घरात आणि सोसायटीत बरीच चर्चा झाली आहे, म्हणून त्यावर खाली जरा जास्त लिहिलंय.

आमच्याकडे पूर्ण कच्चा आहार कुणी करत नाही. दोन्ही वेळा पोळीभाजी-वरणभात आहेच. सासऱ्यांचं तळलेलं डॉक्टरांनी बंद केलं, आणि मुलांच्या हातात चार वाजता वेफर्सचा पुडा दिसला की मला राहवत नसे. कच्चं खाणारी मंडळी साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर अन्न तापू देत नाहीत. तेवढ्या उबेत, पंख्याच्या वाऱ्यावर भाजीतलं पाणी काढून टाकायचं. भाजी शिजत नाही पण कुरकुरीत होते. तेलाचा थेंब लागत नाही. मला एवढंच हवं होतं.

तसं कच्चं खाणं आपल्याला कुणी शिकवायला नको. मेथीचा घोळाणा खानदेशात आणि इकडे आमच्याकडेही होतो: कोवळी मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ म्हणजे भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी. फोडणी सोडली तर तिला आच लागतच नाही. आमसुलासारखी वाळलेली आंबोशी तर प्रत्येक जुन्या घरात असायची. उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, पण त्याआधी १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला होता आणि तब्येत साथ देईना तेव्हा थांबवला होता. तेव्हा कच्चं ते सगळं चांगलं, असं धरून चालू नये. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपिन शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत अंगी जास्त लागतं. गाजरातल्या कॅरोटिनचंही तसंच.

आता मशीन. माझं चौकोनी आहे, पंखा मागच्या भिंतीला, ट्रे आडवे सरकवायचे. एकावर एक ट्रे रचायचं गोल मशीन स्वस्त पडतं, पण त्यात बहुतेक वेळा पंखा तळाशी असतो. खालचे ट्रे आधी वाळतात, वरचे दमट राहतात, आणि दर दोन-तीन तासांनी खालचं वर करत बसावं लागतं. शेजारच्या वहिनींकडे ते आहे. एकाच दिवशी एकाच पेंडीची मेथी दोघींनी लावून पाहिली, फरक डोळ्यांना दिसला. जागा असेल तर चौकोनीच घ्या.

तक्रार आहे ती तापमानाची. काटा ४५ वर ठेवला की आत ठेवलेला थर्मामीटर ५२ दाखवतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तर ‘एवढा फरक चालतो’ असं उत्तर मिळालं. वाळवण करणाऱ्याला चालत असेल, पण ज्यानं कच्चं राहावं म्हणून पैसे मोजले त्याला कसा चालेल? खोक्यावर आकडे छापायचे तर ते खरे हवेत. मी आता काटा ३८-४० वर ठेवते आणि थर्मामीटर कायम मधल्या ट्रेवर असतो. कुठलंही मशीन घेतलंत तरी हा शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर सोबत घ्याच.

विजेची सगळ्यांना धास्ती असते. ५०० वॅटचं मशीन १० तास पूर्ण ताकदीनं चाललं तर ५ युनिट जातात. प्रत्यक्षात तापमान गाठलं की हीटर बंद-चालू होत राहतो, त्यामुळे कमीच जातात. आवाज मात्र आहे. टेबलफॅनसारखी एकसुरी घरघर. रात्री स्वयंपाकघराचं दार लोटून घेतो.

तापमानाबाबत एक गोष्ट कळून घेण्यासारखी आहे. पहिला तासभर हवा ६० अंशांची ठेवली तरी ओली भाजी तेवढी तापत नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. घाम वाळताना अंग गार पडतं तसंच. म्हणून सुरुवात जरा जास्त उष्णतेवर करून पृष्ठभागाचं पाणी पटकन घालवायचं आणि मग काटा खाली आणायचा. पहिल्यापासून ४२ वर ठेवलं तर जाड फोडी तासन्‌तास कोमट आणि ओल्या राहतात, आणि ५ ते ६० अंशांच्या मधे जंतूंची वाढ होते. याच कारणासाठी चकत्या पातळ हव्यात. विळीवर माझ्या सासूबाई बीट इतकं पातळ कापतात की चकतीतून खिडकीचा उजेड लालसर दिसतो. तेवढी पातळ चकती सहा-सात तासांत होते. बोटाच्या पेराएवढी जाड फोड रात्रभरातही आतून ओली राहते.

आता कुठली भाजी कशी निघते ते.

टोमॅटो हा नाशिकचा हक्काचा. पिंपळगाव बसवंतला ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत टोमॅटोचे लिलाव भरात असतात, गिरणाऱ्याच्या बाजूनंही माल येतो, आणि भाव पडला की दारात क्रेट विकायला येतात. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून किलोभर लावले की हाती सत्तर ग्रॅमच्या आसपास येतात. पहिल्यांदा ट्रे बाहेर काढला तेव्हा मुलगा म्हणाला, ‘आई, बाकीचे कुठे गेले?’ पण त्या सत्तर ग्रॅमची चव किलोची असते. आंबटगोड, जरा खारट, चिंचेच्या गोळीसारखे मुलं तोंडात धरून ठेवतात. यासाठी लांबट, गराचा टोमॅटो घ्यावा. गोल रसाळ टोमॅटोचं फक्त साल आणि बिया उरतात.

आमच्या घरातला सगळ्यात लाडका खाऊ मात्र जवसाच्या चकत्या. एक वाटी जवस सव्वा वाटी पाण्यात चार-पाच तास भिजवायचे. जवस पाणी पिऊन बुळबुळीत होतात. तो चिकटपणाच सगळं बांधून ठेवतो, पीठ लागत नाही. त्यातले निम्मे वाटायचे, निम्मे अख्खे. दोन पिकलेले टोमॅटो, अर्धा कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, लाल तिखट, जिरं, मीठ वाटून मिसळायचं. बटर पेपरवर उलथन्यानं पसरायचं, दाण्याच्या पापडाहून थोडं जाड. चार तासांनी वरचा भाग हाताला चिकटेनासा झाला की उलटून कागद सोलून काढायचा आणि सुरीनं चौकोनांच्या रेघा मारायच्या. हा कागद नेमका केव्हा सोलायचा ते हाताला कळतं: लवकर सोलला तर लगदा कागदासोबत येतो, उशीर झाला तर कडा तडकतात. मग रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी मोडताना टक्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे. सासरे दुपारच्या चहाबरोबर दोन खातात. कपाटातली शेव त्यांनी मागितलेली नाही.

मेथी उत्तम. पानं देठाला धरून निवडायची, धुऊन पंच्यावर पूर्ण निथळू द्यायची, आणि तीळ-दाण्याच्या वाटणात चिंचेचं पाणी घालून हलकं चोळायची. वाळली की कडूपणा मागे जातो आणि खमंग लागते. पालक वाळून कागदासारखा होतो, हातात घेतला की चुरा. तो मी आता करत नाही, चुरा पिठात घालते. केल या कोबीच्या जातीतल्या पालेभाजीचे चिप्स इंटरनेटवर सगळीकडे दिसतात, पण इथे केल महाग आणि शिळी मिळते. तिच्याऐवजी कोबीची मधली पानं वापरा, काहीही बिघडत नाही. कांदा लावायचा तर उन्हाळ कांदा. लाल कांद्यात पाणी जास्त, तो वाळता वाळत नाही. आणि कांदा लावलेल्या दिवशी शेजाऱ्यांनासुद्धा कळतं. काकडी वाळवण्यात अर्थ नाही, ती खमंग काकडी करून लगेच खावी.

आता फ्रोजन. मॉलमधून मटार, मका, मिक्स व्हेजची पाकिटं आणली की निवडण्या-सोलण्याचे कष्ट वाचतात हे खरं, आणि ती शिजवून वापरायला काहीच हरकत नाही. पण त्यांना कच्ची भाजी म्हणता येत नाही. बहुतेक फ्रोजन भाज्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढलेल्या असतात. तसं केलं नाही तर उणे १८ अंशांतही भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हळूहळू काम करत राहतात, रंग उडतो आणि गवतासारखा वास येतो. म्हणजे कच्चेपणा कारखान्यातच संपलेला असतो. दुसरीकडे, ती अर्धवट आच सगळे जंतू मारण्याइतकी नसते, आणि पुढच्या हाताळणीत नवे लागू शकतात. लिस्टेरिया नावाचा जंतू थंडीत मरत नाही. २०१८ मध्ये युरोपात फ्रोजन मक्यातून त्याची साथ पसरल्याचं उघड झालं. पाच देशांत रुग्ण सापडले आणि नऊ जण दगावले. बऱ्याच पाकिटांवर शिजवून खाण्याची सूचना असते ती यासाठीच. ४५ अंशांवर वाळवल्यानं लिस्टेरिया जात नाही. गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा धोका सर्वांत जास्त, आणि आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत. म्हणून फ्रोजन मटाराचा कुरकुरीत खाऊ करायचा तर मी आधी तो नीट उकडते, मग ६० अंशांवर वाळवते. गोठलेल्या दाण्याच्या पेशी बर्फानं फुटलेल्या असल्यामुळे तो ताज्यापेक्षा लवकर वाळतो आणि होतोही छान. फक्त त्याला कच्चा म्हणून कुणाला वाढत नाही. डिसेंबर-जानेवारीत गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात हिरवागार मटार ढिगानं असतो, तेव्हा कोवळे दाणे तसेच सोलून खायचे. त्याला मशीन कशाला?

ताज्या भाजीचीही काळजी आहेच, आणि ती कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाही. कच्ची खायची भाजी नळाच्या वाहत्या पाण्याखाली, पान पान उलगडून धुवायची. कोबीची बाहेरची पानं सरळ काढून टाकायची. मोडांच्या बाबतीत तर मी कडक झालेय. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली ती मेथीच्या कच्च्या मोडांतून, पन्नासहून जास्त माणसं गेली. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. मूग-मटकीचे मोड आम्ही आता वाफवूनच खातो, मुलांना तर नक्कीच. आणि राजम्याचे मोड कच्चे कधीच नाहीत. त्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, मोड आणूनही नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. ट्रेमधून काढलेला खाऊ ताटात ठेवला तर अर्ध्या तासात मऊ. त्यावर उपाय असा की मशीन बंद केल्यावर गार होताक्षणी काचेच्या बरणीत भरायचा, बरणी पाऊणच भरायची, आणि आठवडाभर रोज हलवून पाहायची. काचेवर आतून दमटपणा दिसला की सगळा माल पुन्हा ट्रेवर. बाहेरून कडक आणि आतून ओली राहिलेली एखादी फोड अख्ख्या बरणीला बुरशी आणू शकते. प्लास्टिकच्या डब्यात मला हा दमटपणा वेळेत दिसत नाही.

सध्या मे आहे. दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही आणि हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे टोमॅटो आणि कैरीच्या फोडी मलमलच्या ओढणीखाली दोन-तीन उन्हांत होतात, वीज शून्य. जवसाच्या चकत्या मात्र मी याही दिवसांत मशीनमध्येच करते, कारण ओलं वाटण उघड्यावर ठेवलं की माश्या आणि धूळ बसते. ज्यांच्याकडे गच्ची नाही, फक्त ग्रिलची बाल्कनी आहे, त्यांना बाराही महिने मशीन लागेल. त्यांनी पाच-सहा हजार खर्च करायला हरकत नाही. गच्ची असणाऱ्यांनी आधी एक उन्हाळा जाळी आणि ओढणीवर काढून पाहावा.