फोल्डस्कोप शाळेत वर्षभर वापरल्यावर: काय दिसतं, काय दिसत नाही

बहुतेक गावातल्या शाळांत सूक्ष्मदर्शक असतो, पण कपाटात कुलूपबंद. एकच असतो, महाग असतो आणि फुटला तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न असतो. फोल्डस्कोपचं खरं मोल इथे कळतं. कागदाचा हा सूक्ष्मदर्शक मुलाच्या दप्तरातून विहिरीवर आणि शेतात जातो. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तो घडवला आणि २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. सुट्या भागांचा खर्च १ डॉलरपेक्षा कमी राहावा असा त्यांचा हिशोब होता, पण किरकोळीत किट घेताना पैसे बरेच जास्त पडतात. वस्तू १४० पट मोठी दिसते. सुमारे २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा दिसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांत जून ते एप्रिल वापरल्यावर जे पक्कं लक्षात आलं, ते इथे मांडलं आहे.

जोडणीला एक अख्खा तास राखून ठेवा. घड्या घाईत घातल्या तर फोकसची पट्टी अडकते आणि मग मुलं ती जोर लावून ओढतात. कागद सहज फाटत नाही, पण घडीची कड एकदा सैल झाली की फोकस जागेवर राहत नाही.

भिंग म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाचा काचेचा मणी. त्याचा फोकस मण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असतो. ‘सर, काहीच दिसत नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच. नमुना ठेवायची काचपट्टी साधारण १ मिलिमीटर जाड असते. ती उलटी बसली की नमुना काचेच्या पलीकडे जातो आणि पट्टी कितीही सरकवली तरी धूसरच दिसतं. कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) भिंगाच्या बाजूला, हा नियम फळ्यावर लिहूनच ठेवावा. दुसरं कारण पाणी. थेंब मोठा झाला की तो कव्हरस्लिपच्या कडेतून बाहेर येऊन भिंगाला लागतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. टिपकागदाने कड टिपून घ्या, भिंग कोरड्या सुती कापडाच्या टोकाने हलकेच पुसा. बोट लावू नका.

कांद्याचा पापुद्रा हा पहिला नमुना ठेवावा, कारण तो सहसा फसत नाही. मांसल पाकळी मोडली की आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा सुटतो. त्याचा ५ मिलिमीटरचा तुकडा पाण्याच्या थेंबात सपाट पसरवा. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन चौपट पाण्यात मिसळून त्याचा एक थेंब घाला, दोन-तीन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप आडवी टाकू नका. एक कड टेकवून सुईच्या आधाराने हळू खाली सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचं गोल वर्तुळ, आणि पहिल्या तासाला निम्मी मुलं वहीत पेशी म्हणून तेच काढतात. खऱ्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या लांबट असतात आणि प्रत्येकीत केंद्रकाचा पिवळसर ठिपका दिसतो. मुलांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही. शेजारी एक केस ठेवला तर मापाचाही अंदाज येतो: केसाची जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन.

पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, पाहण्यासाठी पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, १० मिनिटं वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर चिकटवा. लव असलेली पानं नकोत, ठसा नीट येत नाही.

डबक्याच्या पाण्याची मजा वेगळीच. वाळलेलं गवत त्या पाण्यात चार-पाच दिवस भिजवलं की पॅरामेशियम हा एकपेशीय जीव मिळण्याची शक्यता बरीच वाढते, पण ते इतकं वेगात पळतं की मुलांच्या नजरेत ठरत नाही. कापसाचे चार-पाच तंतू पिंजून थेंबात टाका. तंतूंच्या मधल्या जागेत ते अडकतं आणि निवांत पाहता येतं.

शेतकऱ्यांच्या घरातली मुलं सगळ्यात जास्त रमली ती भुरीत, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगात. द्राक्षाच्या किंवा वेलवर्गीय भाजीच्या पानावरची पांढरी भुकटी चिकटपट्टीने उचलून पाहिली की लंबगोल बीजाणू स्पष्ट दिसतात. गव्हाच्या तांबेऱ्याचेही दिसतात, तेही नारिंगी रंगासकट. औषध फवारण्याआधी नेमकं काय आलंय ते पाहायचं असतं, हे घरी जाऊन सांगणारी मुलं यातूनच तयार होतात.

दह्यातले जिवाणू मात्र दाखवायला जाऊ नका. ते जेमतेम १ मायक्रॉन रुंद असतात, या भिंगाच्या मर्यादेखालचे. ताकात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालून निळे ठिपके दिसतात, पण ते जिवाणूच आहेत असं म्हणणं मुलांना खोटं शिकवणं आहे. त्यासाठी तालुक्याच्या कॉलेजातला चांगला सूक्ष्मदर्शकच हवा. यीस्ट चालतं, त्याच्या पेशी पुरेशा मोठ्या असतात.

उजेडासाठी खिडकीतून दिसणारं मोकळं आकाश उत्तम. सूर्याकडे रोखायचा नाही, यात कुठलीही सवलत नाही; डोळा भिंगाला टेकलेला असतो. ढगाळ दिवशी टॉर्चपुढे पांढरा कागद धरा.

एका वेळी एकच जण पाहू शकतो, ही या यंत्राची मोठी अडचण. ३५ मिनिटांच्या तासाला पाच मुलांमागे एक तरी हवा. नाहीतर चुंबकाच्या कडीने तो शिक्षकांच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला जोडून चित्र वर्गातल्या टीव्हीवर घ्या. पडद्यावर बोट ठेवून फोकस कुलूपबंद करा, नाहीतर कॅमेरा सारखा हेलकावे खातो. तरीही टीव्हीवर पाहणं आणि स्वतःच्या अंगठ्याने सरकवत शोधणं यात फार फरक आहे. प्रत्येकाच्या हातात एकदा तरी यायलाच हवा.

कागद पाण्याने भिजत नाही, पण कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि महिन्याला त्या उन्हात वाळवा. किट मागवताना कव्हरस्लिपचे दोन डबे जास्तीचे घ्या. वर्षभरात सगळ्यात आधी संपतात त्या याच, आणि तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत.