जुना मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी मूळ मालकाच्या ओट्यावर जाऊन बसा

मोठा ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की घरात महिनाभर चर्चा चालते. मेव्हण्याला विचारतात, गावातला जाणता मिस्तरी सोबत नेतात. मिनी ट्रॅक्टरचा सौदा मात्र चहा संपेपर्यंत उरकतो. बारकी कामं करायची, बारकं यंत्र, त्यात काय बघायचं! जुन्या मिनीच्या दलालांचं पोट यावरच चालतं.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात या यंत्राला एवढी मागणी का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, मिळत नाही, मिळाला तर आखाजीला (अक्षय तृतीयेला) त्याचा आकडा ऐकून आपणच सालदारकी करावी असं वाटतं. बैलजोडीला वर्षभर चारा घालणं परवडत नाही. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीत मोठं धूड शिरत नाही. अठरा-वीस एचपीचा मिनी तिथून आरामात जातो. शेणखत टाकणं, घड उतरल्यावर केळीचे खांब बाहेर ओढणं, कपाशीत कोळपणी, लिंबाला ब्लोअरनं फवारणी, पावसाळा सरला की मळ्याच्या रस्त्यावरची चाकोरी मागं फळी लावून सारखी करणं, सगळं तोच करतो. ही कामं दिवसाला तास-दोन तासांचीच असतात, म्हणून नव्यात साडेतीन-चार लाख घालायला मन होत नाही आणि माणूस जुना शोधतो. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आता जुना घेण्याआधी नव्याचा भाव एकदा विचाराच. माझा व्यवहार त्याआधीच्या हिवाळ्यातला.)

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून एका पत्र्याच्या शेडात जुने ट्रॅक्टर उभे असतात, तिथला दलाल मला भेटला. नाव, गाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. लाल मिनी, सोबत रोटाव्हेटर आणि छोटी ट्रॉली, सगळं मिळून दोन लाख पंधरा हजार. गाडी धुळे पासिंगची, एमएच १८. त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलेलं वाक्य मला आजही पाठ आहे: "जिभाऊ, मालक शिरपूरकडचा आहे, पोरीचं लगीन काढलंय म्हणून विकतोय. त्याच्यासमोर भावाचं बोलू नका, गिऱ्हाईक दिसलं की तो वाढवतो. मी तुमच्यासाठी तोडून घेतो."

ऐकायला किती सोयीचं! सगळी फसवणूक या एका वाक्यात बसवलेली होती. कशी, ते पुढं येईल.

आधी यंत्राचं सांगतो. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "आत्ताच एकाला दाखवला," म्हणाला. एका चावीत सुरू झाला, धूर नाही, आवाज गोड. सपाट जागेत रिकामी ट्रॉली जोडून दोन फेऱ्या मारून दाखवल्या, रोटाव्हेटर वर-खाली करून दाखवला, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा दांडा) लावून हवेत फिरवून दाखवला. मीटरवर ६१२ तास. पत्रा नुकता रंगवलेला, मागचे टायर काळेभोर.

मळ्यात आल्यावर पहाटेच्या थंडीत तोच ट्रॅक्टर तासभर सुरू होईना. झाला तेव्हा निळ्या धुरानं गोठा भरला. मिस्तरीला बोलावलं. त्यानं चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढलं, तर तिथून धुराचे भपकारे यायला लागले. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. मग खालचं ऑइल पातेल्यात सोडलं, ते काकवीसारखं धार धरून पडलं. इंजिनात गिअरचं ९० नंबर ऑइल मिसळलेलं होतं. जाड ऑइलनं खडखड दबते, धूरही काही दिवस कमी दिसतो, आणि गरम इंजिनवर तर काहीच कळत नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी का तापवून ठेवतात, याचं उत्तर त्या पातेल्यात होतं.

तासांचा मीटरही खोटा. तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. केबल सोडली की थांबतो, आणि मीटर बदलणं हे काही मोठं काम नाही. खरे तास लोखंडावर लिहिलेले असतात. मिस्तरीनं मला वाकून बघायला लावलं. क्लचच्या पायडलवरचं रबर कोरं करकरीत, पण त्या रबराखालची लोखंडी पट्टी एका बाजूनं घासून पातळ झालेली, चकचकीत. ट्रॉलीची पिन जिथं बसते ते भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. सहाशे तासांत लोखंड असं झिजत नाही. टायर रिमोल्ड होते, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, वर काळा रंग फासलेला. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो आकडाच रंगाखाली घासून टाकला होता. आकडा नसणं हीसुद्धा खूणच.

रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं की चहा होईस्तोवर तो जमिनीला टेकायचा. हळूहळू थोडं उतरणं जुन्या यंत्रात चालून जातं, एवढं नाही. काळ्या रानात रोटाव्हेटर घातला की इंजिन ओरडायचं आणि चाक जागेवर. क्लच घसरत होता. शेडात त्यानं जे जे दाखवलं त्यात कुठंच वजन नव्हतं, हे मला मिस्तरीनं दाखवून दिलं. रिकामी ट्रॉली, हवेत फिरणारा पीटीओ, रिकामी लिफ्ट. आपण यंत्र ज्या कामासाठी घेतोय ते काम त्याच्याकडून तिथंच करून घ्या. शेणखतानं भरलेली ट्रॉली चढावर, रोटाव्हेटर ओल्या काळ्या मातीत, आणि सकाळी त्याच्या आधी जाऊन, बॉनेटला हात लावून, थंड इंजिनवर. दलाल "वेळ नाही" म्हणाला तर आपल्यालाही नाही.

इथवरचं नुकसान दुरुस्तीचं होतं. रिंगा, क्लच, लिफ्टचे सील. मिस्तरीचा अंदाज ऐकून वैताग आला, पण यंत्र तर हातात होतं. खरा दणका कागदांचा.

कागद असे होते: गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यावर मूळ मालकाच्या सह्या, बाकी रकाने कोरे. मालकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. फायनान्स कंपनीच्या शिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवल्याचा, सोबत कंपनीच्या लेटरहेडवर ना हरकत पत्र. आरसी बुकाची लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स, "मूळ प्रत आरटीओत ट्रान्सफरला दिलीय." वर पाचशेच्या स्टॅम्पवर सौदापावती, नोटरीसह. त्या पावतीवर विकणाऱ्याच्या जागी दलालानं 'मालकातर्फे' अशी सही ठोकली होती. एकवीस हजार इसार मोबाइलवरून, उरलेले रोख, हे सगळं एकाच बैठकीत झालं.

केळीचे खांब ओढायचं काम चालू असताना एका सकाळी दोन मोटारसायकलींवर चौघं मळ्यात आले. सिझिंगवाले, म्हणजे हप्ते थकलेल्या गाड्या कंपनीसाठी उचलून नेणारे. त्यांच्या मोबाइलमध्ये थकलेल्या गाड्यांच्या नंबरांची यादी असते, बाजाराच्या वाटेवर कुणीतरी नंबर टिपला असणार. दमदाटी नाही, शिवीगाळ नाही. फायनान्स कंपनीचं अधिकारपत्र दाखवलं, ओळखपत्र दाखवलं. (हे मागायचा आपल्याला अधिकार आहे, आणि वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करून तगादा लावू नये असं रिझर्व्ह बँकेनंच २०२२ मध्ये बजावलेलं आहे.) मी ते ना हरकत पत्र पुढं केलं. त्यातल्या एकानं फोटो काढून शाखेत पाठवला. उत्तर आलं ते त्यानं मला वाचायला दिलं: असं पत्र आम्ही दिलेलं नाही, कर्ज चालू आहे, हप्ते थकलेले आहेत. ट्रॅक्टर गेला. रोटाव्हेटर आणि ट्रॉली तेवढी सोडली.

दलालाचा फोन बंद. मग मी आधार कार्डावरचा पत्ता घेऊन मूळ मालकाच्या गावी गेलो. मनात होतं की या माणसाची गचांडी धरायची. ओट्यावर एक थकलेला माणूस बसलेला. मी ट्रॅक्टरचा नंबर सांगितला तसा तो उठूनच उभा राहिला. "त्यानी सांगेल व्हतं, उरेल हप्ता मी भरसू," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

त्याची हकिगत अशी. कपाशीनं दोन सालं मार दिला, हप्ते थकले. दलाल घरी आला, साठ हजार हातात ठेवले, राहिलेलं कर्ज मी फेडतो म्हणाला आणि कोऱ्या २९-३० वर सह्या घेऊन गाडी घेऊन गेला. मुलीचं लग्न वगैरे काही नव्हतंच, त्याला मुलगी नाही. आणि गंमत बघा, मला जसं "मालकाशी भावाचं बोलू नका" सांगितलं होतं, तसं त्याला सांगितलं होतं, "गिऱ्हाईक भांडखोर आहे, तुमचा नंबर देत नाही, नाहीतर उद्या दुरुस्तीचे पैसे मागत दारात येईल." दोघांमधली मोटरसायकलची वाट तासा-दीड तासाची. त्या वाटेनं आम्ही एकमेकांकडं जाऊ नये, एवढीच त्याची मेहनत. दोन्हीकडचे पैसे त्यानं त्या मेहनतीवर कमावले.

बोजा खरंच उतरला का हे फायनान्सच्या शाखेत विचारायला गेलं तर तिऱ्हाईताला ते खात्याची माहिती देत नाहीत. खातेदार सोबत असेल तर पाच मिनिटांत सांगतात. म्हणजे मालक सोबत असता तर खोटा फॉर्म ३५ तिथंच उघडा पडला असता. परिवहन खात्याच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकूनही नोंदणी आणि बोजाची माहिती बघता येते, ती बघाच, पण ती बघून मालकाला भेटायचं टाळू नका. आणि झेरॉक्सवर सौदा नको, ती कितीही रंगीत असली तरी. माझ्या झेरॉक्सवर बोजाची ओळच पुसलेली होती.

हे वाचणाऱ्यांत विकणारेही असतील, त्यांच्यासाठी जास्त तळमळून लिहितोय. कर्जातली गाडी दलालाच्या शब्दावर सोडून देऊ नका. त्या शिरपूरकडच्या भावाच्या नावावर कर्ज अजून आहे, सिबिल बिघडलं ते वेगळंच. आणि या काळात माझ्या हातून त्या ट्रॅक्टरचा अपघात झाला असता तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव मालक म्हणून आहे, भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, गाडी कितीही हातांतून गेलेली असो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं तांब्या भरून पाणी प्यायलं आणि म्हणाला, चला, कुठं सही करायची सांगा.

ठाण्यात आधी "हा पैशाचा वाद आहे, दिवाणीत जा" असंच ऐकायला मिळालं. मी एकटा असतो तर तिथंच अडकलो असतो. आम्ही दोघांनी मिळून लेखी अर्ज दिला आणि फायनान्स कंपनीकडून 'हे पत्र आमचं नाही' असं लेखी आणून जोडलं, तेव्हा भाषा बदलली. बनावट कागद आला की वाद पैशाचा राहत नाही. आता भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल आहे, फसवणुकीचं कलम ३१८, बनावट कागदपत्रांची ३३६ आणि ३४०. (१ जुलै २०२४ नंतरच्या प्रकाराला ४२० लागत नाही, लोक अजून तेच म्हणतात.) रोख दिलेल्या रकमेचा पुरावा म्हणून ती सौदापावतीच आहे, आणि तीवर वकील दोन्ही बाजूंनी बोलतात. मोबाइलवरून गेलेले एकवीस हजार मात्र थेट त्याच्या खात्यात दिसतात, आणि त्याचे दोन व्हॉइस मेसेज मी पुसले नव्हते. "भावाचं बोलू नका" त्यात त्याच्याच आवाजात आहे. पैसे परत येतील का, हे तपास अधिकारीही सांगत नाहीत.

सध्या गावातल्या एकाचा मिनी तासावर लावतो. केळीचा बाग मोकळा करायला तो पुरतो.

एक काम मात्र ज्यांना लागू आहे त्यांनी या आठवड्यातच करावं. तुम्ही ट्रॅक्टर विकून कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या दिल्या असतील आणि गाडी अजून तुमच्याच नावावर दिसत असेल, तर तुमच्या आरटीओत गाडी कोणाला, कधी दिली ते लेखी कळवा आणि पोच घ्या. विकल्याची खबर राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत देणं कायद्यानं विकणाऱ्याचंच काम आहे. मुदत उलटून गेली असली तरी द्या. अर्जाची एक प्रत फायनान्सच्या शाखेत, एक ठाण्यात. धुळे-नंदुरबारकडच्या कुणाचा लाल मिनी अशाच बोलीवर, "राहिलेले हप्ते मी भरतो" म्हणत नेला असेल, तर त्यांनी आपल्या ठाण्यात अर्ज द्यावा. तपासात एकाच दलालाचे अर्ज जोडले जातात.