‘नेटवर्क लागतच नाही’ म्हणून घेतलेला जीपीएस

३८,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी सांगायला मला दोन महिने लागले.

पुण्यात जीप-थारला विंच, स्नॉर्कल, छतावरचं कॅरियर वगैरे बसवून देणारं एक दुकान आहे. नाव लिहीत नाही. लडाखला निघायच्या आधी थारचा पुढचा बंपर बदलायला तिथे गेलो, तर काउंटरवरच्या पोराने विचारलं, ‘‘दादा, मोबाइलच्या भरवशावर लडाख करताय?’’ आणि समोर एक सात इंची यंत्र ठेवलं. रबरी कडा, जाडजूड स्टँड, हातात घेतलं की दमदार वाटणारं वजन. यंत्राचे २९,५०० आणि ‘लाइफटाइम नकाशां’चे ९,०००. ‘‘आमच्या टीमने स्वतः गाड्या फिरवून ट्रॅक काढलेत. डायरेक्ट सॅटेलाइटवर चालतं, नेटवर्क लागतच नाही.’’

डोळे झाकून घेतलं असंही नाही. दोन दिवसांसाठी मागून घेतलं आणि वेल्ह्याच्या पुढे केळदला, मढे घाटाच्या तोंडापर्यंत गाडी नेली. माझ्या मोबाइलची रेंज केव्हाच गेली होती. यंत्र मात्र पायवाटा, बैलगाडीचे रस्ते, उंचीच्या रेषा सगळं दाखवत होतं. मग कसली शंका? पैसे दिले. पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, ‘‘एस्टिमेटवर देतो, जीएसटी वाचेल तुमचा.’’ मी मान डोलावली. ही हाव माझीच, ती दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही.

गोम कुठे होती ते आता कळतं. जीपीएसचा उपग्रह नकाशा पाठवतच नाही. वीस हजार किलोमीटर वरून तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपण कुठे आहोत याचं गणित मांडतं. हे काम पाचशेच्या जुन्या मोबाइलमध्येही विनारेंज होतं. नकाशा ही निराळी गोष्ट. तो आधीच यंत्रात भरलेला असावा लागतो, नाहीतर इंटरनेटवरून यावा लागतो. माझ्या यंत्रात फक्त महाराष्ट्राची फाइल भरलेली होती. मढे घाटात ते चालणारच होतं!

मनालीत चाललं, केलाँगपर्यंत चाललं. सरचूच्या आसपास पडद्यावरचे रस्ते पुसट होत होत गेले आणि पुढे नुसता फिकट पिवळा कागद उरला. त्यावर निळा बाण तेवढा पुढे सरकतोय. ‘‘डोंगरांमुळे सिग्नल अडतोय,’’ असं मी मेव्हण्याला ठासून सांगितलं. साफ चुकीचं. सिग्नल अडला असता तर आधी बाणच भरकटला असता.

पांगच्या पुढे मोरेचं मैदान लागतं, ४,७०० मीटरच्या आसपास, सपाट आणि अफाट. डेबरिंगहून आम्ही उजवीकडे त्सो कार तलावाकडे वळलो. तिथे टायरच्या चाकोऱ्यांना इतके फाटे फुटतात की प्रत्येक चाकोरी खरी वाटते. ऊन उतरलं होतं. जास्त उमटलेली चाकोरी धरली आणि अर्ध्या तासाने जमीन पांढरी दिसायला लागली. मीठ! वरचा पापुद्रा मोडून पुढचं डावं चाक रिमपर्यंत आत गेलं. टायरची हवा कमी केली, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाकला, पायपुसण्यासकट मिळेल ते चाकाखाली घातलं. दोन पावलं चाललं तरी धाप लागावी अशा उंचीवर सव्वा तास हे चाललं. मुळात गाडी तिथे जायलाच नको होती. त्सो कार २०२० पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, काळ्या मानेचे क्रौंच त्याच पाणथळीत घरटी करतात. त्याची लाज वेगळी.

गाडी निघाल्यावर परत कसं जायचं? रिकाम्या पडद्यावर आमच्याच येण्याची एक वाकडीतिकडी लाल रेघ उमटलेली होती. ती धरून डेबरिंगला आलो. ३८,५०० रुपयांतलं तेवढं काम यंत्राने चोख केलं, खोटं कशाला बोला.

लेहला पोहोचल्यावर माझ्या पोस्टपेड मोबाइलला भरपूर रेंज, आणि यंत्र अजून कोरंच. बाजारातल्या मोबाइलवाल्या पोराने मागचं ‘वॉरंटी बाद’चं स्टिकर नखाने उचललं. खाली सिमचा कप्पा. ‘‘भैया, ये तो प्रीपेड है, बाहर का प्रीपेड यहाँ नहीं चलता.’’ म्हणजे महाराष्ट्राबाहेर सरचूपर्यंत दिसलेला नकाशा एका लपवलेल्या सिमच्या इंटरनेटवरून येत होता.

परत येऊन दुकानात गेलो. तोच पोरगा, तेच हसू. म्हणे ‘नॉर्थ पॅक’ वेगळं असतं, ६,५०० पडतील. मी आवाज चढवल्यावर मालक बाहेर आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘सर, ते राहू द्या. दुबईचा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारा पीस आहे, एसओएस बटणवाला, तुम्हाला कमीत देतो.’’ हे मात्र नीट लक्षात घ्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पर्यटकाला अशाच यंत्रापायी अटक झाली होती. नुसता संकेत घेणारा जीपीएस चालतो, पाठवणारा नाही. मालकांना हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

सगळ्यात जास्त जळफळाट त्या ९,०००चा झाला. एका रात्री घरी बसून मढे घाटाचा भाग मोठा करून बघत होतो. कडेला एक लहान देऊळ दिसलं, नाव ‘भोरोबा’. मी चरकलो. काही वर्षांपूर्वी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना फुकट असलेल्या नकाशात ते देऊळ मीच टाकलं होतं आणि घाईत भैरोबाचा भोरोबा केला होता. यांच्या टीमने गाड्या फिरवून काढलेल्या नकाशात माझी चूक जशीच्या तशी!

तोच नकाशा ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या मोबाइल अ‍ॅपमध्ये फुकट उतरवता येतो. आता मी जुन्या मोबाइलमध्ये जायच्या भागाची फाइल घरूनच भरतो, सिम काढतो, विमान मोड लावतो आणि पुण्यात बसून डेबरिंग उघडून बघतो. रस्ते दिसले तरच निघतो. कुठलंही यंत्र विकत घेताना हीच परीक्षा दुकानात घ्या, आणि तीही जिथे जायचंय त्या मुलखाची. दुकानाबाहेरच्या रस्त्याची नको.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न आला, बिल आहे का? माझ्याकडे पेनने ‘एस्टिमेट’ लिहिलेला गुलाबी कागद. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि पैसे यूपीआयने दिले होते एवढाच काय तो आधार.

ओपनस्ट्रीटमॅपवर मी भोरोबाचा भैरोबा करून टाकला. दुकानाचा नवा व्हिडिओ गेल्या आठवड्यात आला, ‘सह्याद्री पॅक, आमचा स्वतःचा सर्व्हे’. मढे घाटाजवळ थांबवून बघितला. अजून भोरोबाच आहे.