चारशे प्रश्नांचा डबा : घ्यावा का?

मे महिन्यात ताईचा मुलगा पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आला होता. सातवीत गेलाय, हातातला मोबाईल मागितला की किडनी मागितल्यासारखा चेहरा करतो, म्हणून दादरला एका प्रदर्शनात हा जनरल नॉलेजच्या कार्डांचा डबा दिसला तो उचलला. छापील किंमत ४९९, घासाघीस करून ४०० ला पडला, म्हणजे प्रश्नाला एक रुपया. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पुढे चुका काढणार आहे आणि मला भांडण वाढवायचं नाहीये. तसेही हे डबे सगळे एका साच्यातले असतात, इतिहास, भाषा, आरोग्य, कला असे चार रंग आणि सोबत एक वाळूचं घड्याळ.

आधी वस्तूबद्दल. भाषेचा रंग हिरवा आणि आरोग्याचा पोपटी, ट्यूबलाईटखाली दोन्ही सेम टू सेम. वाळूचं घड्याळ ३० सेकंदांचं लिहिलंय, आम्ही मोबाईलवर लावून बघितलं तर २२ मध्ये खाली. उत्तर कार्डाच्या तळाशी उलटं छापलंय आणि कागद इतका पातळ की प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे खिडकी असली की समोरच्याला लाल अक्षरं आरपार दिसतात, भाच्याने दोन दिवस सलग सगळ्यांना हरवलं तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. आणि पाऊस सुरू झाल्यावर कार्डं एकमेकांना अशी चिकटली की पापडाच्या लाट्यांसारखी एकेक सोडवायची.

प्रश्न मात्र काही खरंच झकास आहेत. 'यातला पोर्तुगीजमधून न आलेला शब्द कोणता : पाव, बटाटा, पगार, दरवाजा' यावर आमच्याकडे अर्धा तास गेला. पाव आणि बटाटा माहीत होते, पण बाबा म्हणाले पगार काय पोर्तुगीज असतोय, पस्तीस वर्षं घेतलाय मी. उत्तर दरवाजा, तो फारसी. बाबांनी कार्ड उलटसुलट करून दोनदा वाचलं.

इतिहासातलं एक कार्ड, घारापुरीला एलिफंटा नाव कोणी दिलं, उत्तर पोर्तुगीजांनी. एवढंच. अरे पण का दिलं ते कोण सांगणार? बेटावर दगडाचा मोठा हत्ती होता म्हणून, आणि तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या शेजारी उभा आहे. भाचा तिथे पेंग्विन बघायला तीनदा जाऊन आलाय आणि त्या हत्तीसमोर त्याचा फोटोही आहे, तरी त्याला पत्ता नाही. ही एक ओळ कार्डावर टाकायला काय जात होतं? कलेतही तीच रड. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट कोणता? राजा हरिश्चंद्र, १९१३, संपलं. तो ३ मे ला आपल्याच गिरगावात कॉरोनेशनला लागला होता आणि तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवून उभं केलं, हे मी सांगितल्यावर भाचा पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवून बसला.

आता चुका. 'भारताची राष्ट्रभाषा कोणती', उत्तर हिंदी. इथेच मी डबा बंद करणार होते. राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा प्रकारच नाहीये, कलम ३४३ मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, दोन्हींत फरक आहे आणि मुंबईत बसून हा फरक माहीत नसेल तर अवघड आहे. दुसरं, 'अभिजात भाषा किती', उत्तर सहा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसकट पाच भाषांना दर्जा मिळाला, अकरा झाल्या. डबा मराठीत, विकला दादरला, आणि त्या सहात मराठीच नाही! चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे तर आहेच, ते नसतं तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं.

पण खरी मजा आरोग्याच्या कार्डावर आली. 'ओ रक्तगट कोणालाही चालतो, चूक की बरोबर', उत्तर बरोबर. माझी आत्या परळच्या एका हॉस्पिटलात ब्लड बँकेत टेक्निशियन होती, रिटायर झालीय, विक्रोळीहून सहज चहाला आलेली. तिने कप खाली ठेवला. "कोण बरोबर म्हणतंय?" मग सुरू. एक तर नुसता ओ नाही, ओ निगेटिव्ह म्हणायचं. आणि तोही सगळ्यांना चालत नाही, कारण बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच मुंबईत शोधला, म्हणून ते नाव. आत्याने बशीत बिस्किटं मांडून समजावलं : नुसतं बिस्किट म्हणजे ओ, त्यावर जॅम लावला की ए, चीज लावलं की बी. बॉम्बेवाल्यांकडे बिस्किटच नाही. म्हणजे एच नावाचा पाया नाही, त्यामुळे साध्या टेस्टमध्ये तो माणूस ओ दिसतो, पण त्याला ओ रक्त दिलं तर शरीर ते परकं समजून पेशी फोडून टाकतं. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त लागतं, आणि आपल्याकडे असा माणूस दहा हजारांत एखादा. भाच्याने विचारलं, "आत्याआजी, मग माझा कोणता?" त्याच्या आईला फोन लावला, तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी लॅब. बी पॉझिटिव्ह निघाला.

तर घ्या, पण ४०० ला नको, अडीचशेच्या वर देऊ नका, आणि दुकानातच उघडून ते अभिजात भाषेचं कार्ड बघा, सहा लिहिलं असेल तर जुना स्टॉक आहे. आमच्या डब्यातली अकरा कार्डं आत्याने निळ्या पेनाने दुरुस्त केलीत, आणि ओ गटाच्या कार्डावर जागा पुरली नाही म्हणून मागून वेगळा कागद चिकटवलाय.