निळा पट्टा आणि कच्ची पावती

इंदूरच्या सांवेर रोडवर स्टेनलेस स्टीलचे कठडे आणि त्यांवर बसवायचे सागवानी हँडरेल तयार करण्याचे माझे छोटे वर्कशॉप आहे. गेल्या जूनमध्ये सियागंजातील एका व्यापाऱ्याकडून, तो मराठी बोलणारा म्हणून जरा अधिकच विश्वास ठेवून, मी झिरकोनियाचे (स्टील घासायच्या कठीण, टिकाऊ कणांचे) म्हणून 100 सँडिंग बेल्ट, म्हणजे यंत्रावर फिरणारे घासायचे पट्टे, एकदम घेतले. पट्ट्यामागे 60 रुपये कमी पडत होते आणि 18 टक्के जीएसटी वाचावा म्हणून मी कच्च्या पावतीवर भागवले. हा लोभ माझाच होता.

"काका, निळा आहे म्हणजे झिरकोनियाच," असे तो म्हणाला होता. झिरकोनियाचे पट्टे बहुधा निळे असतात हे खरे. पण तो रंग कणांचा नसतो, वरच्या थरात मिसळलेला असतो, आणि तो कोणत्याही पट्ट्याला देता येतो. झिरकोनियाचा कण दाबाखाली तुटत जातो आणि नवी धार उघडी करतो, म्हणून 304 च्या, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेस स्टीलच्या, पाइपवरील वेल्ड घासताना तो टिकतो. माझा 40 नंबरचा, म्हणजे जाड कणांचा, पट्टा मात्र काही मिनिटांतच गुळगुळीत झाला, कापण्याऐवजी नुसता घासू लागला आणि उष्णतेने पाइपवर निळसर डाग पडले. दोन दिवस मी कारागिरालाच बोल लावत होतो, याची आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी एका पट्ट्याचा जोड सुटून तो कारागिराच्या कानाजवळून फटकारत गेला, तेव्हा कुठे मी सुरीने वरचा थर खरवडून पाहिला: खाली साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे तपकिरी कण होते, आणि कापड जाड पॉलिएस्टरचे नसून पातळ सुती होते. मागील बाजूस 40 या आकड्याखेरीज कंपनीचे नाव, कणाचा प्रकार, कणांच्या आकाराच्या ग्रेडचे 'पी' हे अक्षर, काहीच छापलेले नव्हते.

सागवानावर 80 नंबरचा पट्टा तेलकट भुशाने भरून लाकडावर काळे ओरखडे उठले, त्याचा दोष मात्र मी व्यापाऱ्याला देणार नाही. तिथे साधे ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरते, फक्त भुसा अडकू नये म्हणून कण विरळ पेरलेला पट्टा मागायचा असतो.

परत द्यायला गेलो तर, "पावसाळी हवा लागली, तुम्ही नीट ठेवले नाहीत," असे उत्तर मिळाले. दमट हवेने जोड कमकुवत होतो, हे खोटे नाही. पण माझे पट्टे पहिल्याच आठवड्यात, बंद खोक्यातून काढून वापरलेले होते. पक्के बिल नसल्यामुळे मला पुढे काही बोलता आले नाही.

आता मी आधी दोनच पट्टे घेतो, 304 चा एकच तुकडा दहा मिनिटे घासून त्याचे आधीचे व नंतरचे वजन पाहतो, आणि कणाचा प्रकार बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. उरलेल्या 71 पट्ट्यांनी आम्ही जुन्या लोखंडी फाटकांचा रंग खरवडतो. त्या कामाला ते बरे चालतात.